दीर्घिकांच्या समूहात उजेड किती, वजन किती

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आपल्या वर्गात बहुतेक वेळा संविधान, शिक्षण, रोजगार, घरातले कायदे यांवर बोलणं होतं. आज आकाशावर बोलायचं आहे. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा दिवस डेटाबेस आणि कोड यांच्यात जातो. पण गेली काही वर्षं मला दीर्घिकांच्या मोठमोठ्या याद्या वाचायचा नाद लागला आहे. या याद्या इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यातून एक प्रश्न विचारता येतो, आणि आजचं सगळं बोलणं त्याच प्रश्नाचं आहे. एकत्र राहणाऱ्या दीर्घिकांमध्ये मोठी कोण, हे कशावरून ठरवायचं? उजेडावरून की वजनावरून?

वजन हा शब्द मी सोयीसाठी वापरतोय. खरा शब्द वस्तुमान. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी माफ करावं.

आपला स्वतःचा समूह

आधी समूह म्हणजे काय ते पाहू. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. दीर्घिका सहसा एकट्या नसतात. गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या चार, दहा, पन्नास दीर्घिका एकत्र असतात, त्याला समूह म्हणायचं. संख्या शेकड्यांत किंवा हजारात गेली की त्याला गुच्छ म्हणतात.

आपण राहतो त्याला ‘स्थानिक समूह’ म्हणतात. त्यात दोन मोठ्या दीर्घिका आहेत, देवयानी आणि आपली आकाशगंगा. देवयानी आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिसऱ्या नंबरवर त्रिकोण तारकासमूहातली एम ३३. मग मॅगेलनचे मोठे आणि छोटे मेघ, आणि त्यानंतर पन्नासहून जास्त बटू दीर्घिका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमावास्येच्या आसपास म्हैसमाळला गेलात तर देवयानी नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. दुर्बीण असेल तर उत्तम. शहरातून दिसत नाही, आपल्याकडे दिव्यांचा उजेडच फार आहे. या ठिपक्याची फार जुनी नोंद अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी केली. इराणातल्या या खगोलशास्त्रज्ञाने इ. स. ९६४ च्या सुमारास स्थिर ताऱ्यांवरचा अरबी ग्रंथ लिहिला, त्यात हा ठिपका छोट्या ढगासारखा नोंदवला आहे. ती दुसरी दीर्घिका आहे हे त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. ते एडविन हबल यांनी १९२३ मध्ये देवयानीत एक विशिष्ट प्रकारचा तारा शोधला आणि अंतर काढलं तेव्हा नक्की झालं. अल-सूफींचा अभिमान बाळगायचा असेल तर तो एका गोष्टीसाठी बाळगा: त्यांनी स्वतः आकाश पाहिलं, जुन्या ग्रंथातल्या नोंदी तपासल्या आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं.

आता हिशेब. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान सुमारे पाच ते सहा हजार कोटी सूर्यांएवढं आहे. देवयानीचं ढोबळमानाने दहा हजार कोटी. एम ३३ चं पाचशे कोटींच्या आसपास, मॅगेलनच्या मोठ्या मेघाचं तीनशे कोटींच्या आसपास. पुढे आकडे घसरतच जातात. शेवटच्या काही बटू दीर्घिकांत तर जेमतेम काही हजार तारे आहेत, एखाद्या तालुक्याच्या लोकसंख्येपेक्षाही कमी. समूहात डझनावारी सदस्य आहेत, पण ताऱ्यांच्या वस्तुमानाचे दहातले नऊ भाग पहिल्या दोघींकडेच आहेत.

उजेड आणि वजन वेगळं का?

उजेड जास्त तर तारे जास्त, असं आपल्याला सहज वाटतं. इथेच जपायला हवं.

रात्री गोगाबाबा टेकडीवरून आपलं शहर पाहा. सगळ्यात आधी नजर कुठे जाते? ज्या फंक्शन हॉलमध्ये त्या रात्री लग्न आहे तिथे. बाजूच्या दहा गल्ल्यांत मिळून त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं राहतात, पण त्यांचे दिवे मंद. उजेडावरून माणसं मोजली तर हिशेब चुकणार.

ताऱ्यांचं तसंच आहे. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा निळसर तारा सूर्याच्या हजारो पट प्रकाश देतो. पण तो दोन-अडीच कोटी वर्षांत संपतो. सूर्याचं आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षं. आणि सूर्याच्या एक दशांश वस्तुमानाचा लाल तारा सूर्याच्या हजारांशाएवढाच उजेड देतो, पण त्याहूनही कितीतरी जास्त काळ टिकतो. दीर्घिकेचं बरंचसं वजन या छोट्या, मंद ताऱ्यांमध्ये असतं. झगमगाट मात्र थोड्या, तरुण, निळ्या ताऱ्यांचा.

म्हणून ज्या दीर्घिकेत नवे तारे अजून जन्मत आहेत ती निळी आणि तेजस्वी दिसते. जिथे ताऱ्यांचा जन्म थांबून कित्येक शे कोटी वर्षं झाली ती लालसर दिसते. दोघींचा निळ्या प्रकाशातला उजेड सारखा असला तरी लाल दीर्घिकेचं वजन चार-पाच पट असू शकतं. आपल्या समूहातच पाहा. निळ्या प्रकाशात देवयानी एम ३३ च्या दहापटीच्या आसपास तेजस्वी आहे. ताऱ्यांच्या वस्तुमानात मात्र ती वीसएक पट भरते. एम ३३ मध्ये तरुण तारे जास्त, म्हणून ती आपल्या वजनाच्या मानाने जास्त झगमगते.

मग वजन काढायचं कसं? दीर्घिकेचा फोटो निरनिराळ्या रंगांच्या फिल्टरमधून घेतात. निळ्यात किती उजेड, लालमध्ये किती, अवरक्त किरणांत किती. यावरून ताऱ्यांचं सरासरी वय कळतं, आणि दर सूर्याएवढ्या उजेडामागे किती वस्तुमान धरायचं याचा गुणक मिळतो. यात एक गृहीतक आहे: तारे जन्मताना मोठे किती आणि छोटे किती असतात. एडविन सॉलपीटर यांनी १९५५ मध्ये याचं एक सूत्र दिलं. त्यानंतर दुसरी सूत्रं आली, त्यात छोटे तारे कमी धरले आहेत. सूत्र बदललं की वस्तुमानाचा आकडा पावणेदोन पटीपर्यंत बदलतो. म्हणून कुणी तुम्हाला एखाद्या दीर्घिकेचं वस्तुमान सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, कोणतं सूत्र धरलं? दोन याद्यांची तुलना करायची तर दोन्हीकडे एकच सूत्र हवं.

समूहाचं न दिसणारं वजन

आतापर्यंत ताऱ्यांबद्दल बोललो. पण समूहाला बांधून ठेवणारं वजन ताऱ्यांचं नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा नावाच्या गुच्छातल्या दीर्घिकांचे वेग तपासले. त्या इतक्या वेगाने फिरत होत्या की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने त्या बांधून राहूच शकल्या नसत्या. न दिसणारं काहीतरी तिथे भरपूर होतं. त्यालाच आज डार्क मॅटर किंवा कृष्णद्रव्य म्हणतात. प्रत्येक समूह अशा कृष्णद्रव्याच्या एका मोठ्या गोळ्यात बसलेला असतो. त्या गोळ्याला प्रभामंडल म्हणतात.

आपल्या आकाशगंगेच्या प्रभामंडलाचं वस्तुमान सुमारे एक लाख कोटी सूर्यांएवढं आहे. तारे पाच-सहा हजार कोटी. म्हणजे शंभरातले पाच-सहा. आणि गंमत अशी की ही टक्केवारी विश्वात जवळजवळ सगळ्यात वरची आहे. प्रभामंडल याहून छोटं असेल तर फुटणाऱ्या ताऱ्यांचे धक्के वायू बाहेर फेकून देतात आणि नवे तारे कमी बनतात. प्रभामंडल खूप मोठं असेल तर त्यातला वायू फार तापलेला असतो. मधल्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर त्याला आणखी तापवत राहतं, तो थंड होत नाही आणि तारे बनत नाहीत. आपल्या आकाशगंगेसारखी मधली दीर्घिका सगळ्यात फायद्यात.

याचा परिणाम समूहाच्या वाटणीत दिसतो. प्रभामंडल दहापट जड झालं, म्हणजे छोट्या समूहातून मोठ्या गुच्छाकडे गेलं, तर मधल्या दीर्घिकेचं ताऱ्यांचं वस्तुमान फक्त दुपटीच्या आसपास वाढतं. वाढलेला बाकी हिस्सा भोवतीच्या उपग्रह दीर्घिकांकडे जातो, त्यांची संख्या जवळजवळ त्याच पटीत वाढते. छोट्या समूहात एकीची मक्तेदारी असते. मोठ्या गुच्छात मधली दीर्घिका सगळ्यांपेक्षा मोठी असली तरी एकूण उजेडात तिचा वाटा कमी होत जातो.

उपग्रह दीर्घिकांत कुणाचा उजेड किती, याचाही एक नियम दिसतो. १९७६ मध्ये पॉल शेक्टर यांनी तो एका सूत्रात मांडला. मंद दीर्घिका पुष्कळ, तेज वाढेल तशा कमी, आणि एका ठरावीक तेजाच्या पुढे संख्या एकदम कोसळते. आपली आकाशगंगा त्या कड्याच्या आसपासच आहे.

पुण्याशी जोडलेलं एक संशोधन

आता मुख्य मुद्दा. प्रभामंडल दिसत नाही. मग त्याचं वजन ओळखण्यासाठी मधल्या दीर्घिकेचा उजेड बघावा की तिच्या ताऱ्यांचं वस्तुमान?

सुऱ्हुद मोरे आज पुण्याच्या आयुका या संस्थेत काम करतात. २०११ मध्ये त्यांनी फ्रँक व्हॅन डेन बॉश आणि इतर सहकाऱ्यांबरोबर याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आधार होता स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेचा, म्हणजे अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने २००० पासून केलेल्या पाहणीचा. पद्धत समजायला सोपी आहे. मधल्या दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या उपग्रह दीर्घिकांचे वेग पाहायचे. वेग जास्त तर त्यांना धरून ठेवणारं वजन जास्त. अडचण अशी की एका समूहात वेग मोजता येतील असे उपग्रह एक-दोनच सापडतात. तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून सारख्या मधल्या दीर्घिका असलेले हजारो समूह एकावर एक ठेवायचे आणि सगळ्यांचे उपग्रह मिळून हिशेब करायचा.

निष्कर्ष असा आला. सारख्या उजेडाच्या लाल आणि निळ्या मधल्या दीर्घिका घेतल्या तर लाल दीर्घिका सरासरीने जास्त जड प्रभामंडलात बसलेल्या निघाल्या. म्हणजे उजेड दोघींचा सारखा, पण भोवतालचं न दिसणारं वजन वेगळं. मग उजेडाऐवजी ताऱ्यांचं वस्तुमान सारखं धरून जोड्या लावल्या, तर लाल-निळ्यातला हा फरक, विशेषतः कमी वस्तुमानाच्या दीर्घिकांमध्ये, जवळपास नाहीसा झाला. समूहाचं खरं वजन ओळखायला उजेडापेक्षा ताऱ्यांचं वस्तुमान जास्त भरवशाचं, असा त्याचा अर्थ.

त्याच निबंधात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. ताऱ्यांचं वस्तुमान सारखं असलेल्या दीर्घिकांमध्येही प्रभामंडलाच्या वजनात बराच फरक राहतो. सरासरी सांगून हात झटकता येत नाहीत. सरासरीभोवती किती पसारा आहे तेही सांगावं लागतं.

मध्यभागी असते तीच सगळ्यात तेजस्वी असते का?

पूर्वी शास्त्रज्ञ सरळ धरून चालायचे की समूहातली सगळ्यात तेजस्वी दीर्घिका म्हणजेच मधली. २०११ मध्येच रमीन स्किब्बा यांनी मोरे, व्हॅन डेन बॉश आणि इतरांबरोबर हे गृहीतक तपासलं. छोट्या समूहांपैकी सुमारे पाव समूहांत आणि मोठ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांत सगळ्यात तेजस्वी दीर्घिका मध्यभागी नव्हती.

याचं जवळचं उदाहरण कन्या राशीतला गुच्छ. तो सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर आहे आणि त्यात हजाराहून जास्त दीर्घिका आहेत. त्याच्या मुख्य वस्तुमानाच्या आणि तापलेल्या वायूच्या मध्यभागी एम ८७ आहे. तिच्या कृष्णविवराचा फोटो एप्रिल २०१९ मध्ये जगभर छापून आला होता. पण गुच्छातली सगळ्यात तेजस्वी दीर्घिका एम ८७ नाही, तो मान एम ४९ चा. ती मध्यापासून बाजूला, आपला वेगळा छोटा गट घेऊन आहे. मार्च ते मे दरम्यान अंधाऱ्या जागेवरून छोट्या दुर्बिणीतून दोन्ही पाहता येतात.

समूहात आल्यावर दीर्घिकेचं काय होतं?

उपग्रह दीर्घिका लाल का असतात? ताऱ्यांचा कच्चा माल म्हणजे थंड हायड्रोजन वायू. एकटी दीर्घिका बाहेरून वायू ओढून घेत राहते. तीच दीर्घिका मोठ्या प्रभामंडलात शिरली की बाहेरचा पुरवठा तुटतो. समूहातल्या तापलेल्या वायूतून वेगाने जाताना तिच्याजवळचा वायूही उडून जातो. मोटरसायकलवर डोक्यावरचा रुमाल उडावा तसा. राहिलेला साठा संपला की नवे तारे बंद. निळे तारे लवकर मरतात, लाल उरतात. उजेड कमी होतो, ताऱ्यांचं वस्तुमान मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणून समूहाच्या मध्याकडे जाऊ तशा लाल दीर्घिका वाढतात. रंगातला हा फरक स्पष्ट दिसतो. मध्याकडे जड दीर्घिका जास्त असतात का, यावर मात्र संशोधकांत मतभेद आहेत. फरक असलाच तर तो थोडा आहे.

आपल्या घराजवळही हेच दिसतं. आकाशगंगेपासून दहा लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या जवळजवळ सगळ्या बटू दीर्घिका वायूविना आहेत. ठळक अपवाद दोन, मॅगेलनचे मोठे आणि छोटे मेघ. हायड्रोजनचा हा वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या टिपणाऱ्या जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक आपल्या महाराष्ट्रात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. पुण्याला जाणं झालं तर वाकडी वाट करून पाहून या.

दुसरी गोष्ट म्हणजे विलय. छोट्या समूहात दीर्घिकांचे वेग कमी असतात, त्यामुळे त्या एकमेकींत मिसळू शकतात. जड उपग्रह कृष्णद्रव्यातून फिरताना हळूहळू वेग गमावतो, मध्याकडे सरकतो आणि शेवटी मधल्या दीर्घिकेत विलीन होतो. छोटे उपग्रह बाहेर फिरत राहतात. खूप काळ असं चाललं तर मध्ये एक प्रचंड दीर्घिका आणि भोवती फक्त किरकोळ दीर्घिका उरतात. याला ‘जीवाश्म समूह’ म्हणतात. असा पहिला समूह १९९४ मध्ये ट्रेव्हर पॉनमन आणि सहकाऱ्यांनी नोंदवला. ओळखण्याची खूण अशी: पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या तेजात निदान सहापट फरक, आणि भोवती क्ष-किरण देणारा तापलेला वायू.

या समूहांच्या अभ्यासात तेहरानच्या संस्थेतले हबीब खोसरोशाही आणि आयुकाचे माजी संचालक सोमक रायचौधुरी यांचं नाव येतं. २००७ मध्ये अली दारियुश, खोसरोशाही, पॉनमन, रायचौधुरी आणि इतरांनी मिलेनियम नावाच्या सिम्युलेशनमधून दाखवलं की जीवाश्म समूहांचं बरंचसं वस्तुमान इतर समूहांपेक्षा लवकर गोळा झालेलं असतं. माझ्या व्यवसायातल्या लोकांसाठी सांगतो, त्या सिम्युलेशनमध्ये एक हजार कोटींहून जास्त कण होते आणि ते सुपरकॉम्प्युटरवर महिनाभर चाललं. इराण, भारत आणि ब्रिटनमधल्या लोकांनी बसून केलेलं हे काम आहे. पहिल्या-दुसऱ्याच्या उजेडातल्या एका फरकावरून समूहाचा इतिहास वाचता येतो, हे त्यातून कळतं.

यादीत कोण नाही?

आता मी माझ्या खऱ्या आवडीच्या भागाकडे येतो. वर सांगितलेलं सगळं याद्यांवर उभं आहे. आणि यादी हातात आली की पहिला प्रश्न असायला हवा: यात कोण सुटलं?

पहिली गळती अंतराची. स्लोनच्या मुख्य पाहणीत एका ठरावीक तेजापेक्षा मंद दिसणाऱ्या दीर्घिकांचा वर्णपट घेतलेला नाही. जवळची बटू दीर्घिका यादीत येते, तीच दूर असती तर आली नसती. त्यामुळे दूरच्या भागात फक्त तेजस्वी दीर्घिका दिसतात. यादी जशीच्या तशी वाचली तर वाटेल, दूरच्या विश्वात गरीब दीर्घिका नाहीतच. स्वीडनचे गुनार माल्मक्विस्ट यांनी १९२० च्या दशकात ताऱ्यांच्या बाबतीत हा दोष मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखतात. उपाय असा: जी दीर्घिका फक्त जवळच दिसू शकते तिला हिशेबात जास्त भार द्यायचा, कारण तिच्यामागे न दिसलेल्या कितीतरी आहेत.

दुसरी गळती दाटीची. स्लोनमध्ये अॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यावर प्रत्येक दीर्घिकेच्या जागी भोक पाडायचे आणि त्यात हाताने काचतंतू बसवायचे. एका पत्र्यावर ६४० तंतू. दोन तंतू एकमेकांच्या फार जवळ बसत नसत. आकाशात त्यांच्यात निदान ५५ विकला अंतर लागायचं, म्हणजे चंद्राच्या रुंदीचा साधारण तेहतिसावा भाग. परिणाम काय? ठरवलेल्या दीर्घिकांपैकी सुमारे ६ टक्के सुटल्या, आणि त्या सगळीकडून सारख्या सुटल्या नाहीत. जिथे दाटी होती तिथे, म्हणजे नेमक्या समूहांत आणि गुच्छांत जास्त सुटल्या. आपल्यापैकी ज्यांनी वस्त्यांमध्ये पाहणीचे फॉर्म भरून घेतले आहेत त्यांना हे लगेच कळेल. जिथे घराला घर लागून आहे, वरच्या माळ्यावर आणखी एक चूल आहे, तिथेच नोंदी सुटतात.

शियाओहू यांग, हौजुन मो, व्हॅन डेन बॉश आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या पाहणीतून समूहांची मोठी यादी तयार केली. त्यांनी ही गळती लपवली नाही. सुटलेल्या दीर्घिकांना शेजारणीचं अंतर देऊन एक यादी केली, आणि ती भर न घालता वेगळी यादी केली. वापरणाऱ्याने आपल्या कामाप्रमाणे निवडावी. चांगल्या कामाची ही खूण मानावी.

तिसरा दोष उलटा आहे, नसलेल्याला आत घेणं. १८७७ मध्ये एदुआर स्तेफान यांनी पाच दीर्घिकांचा एक सुंदर घोळका शोधला. जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या फोटोंत तो होता, तुमच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर पाहिला असेल. पाचपैकी चार दीर्घिका सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षं दूर आहेत. पाचवी फक्त ४ कोटी. ती त्यांच्यातली नाहीच, आपल्या नजरेच्या रेषेत आली एवढंच. फोटोत शेजारी दिसतो तो समूहाचा सदस्य असेलच असं नाही. अंतर मोजावं लागतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल, यातून समाजासाठी बोध काय? मध्यभागी असलेले वायू गिळतात, कडेचे विझतात, वगैरे. तसा बोध काढू नये असं मला वाटतं. दीर्घिका माणसं नाहीत. त्यांच्यावर अन्याय होत नाही आणि त्या संघटितही होत नाहीत. निसर्गाचा नियम समाजाला लावला की जे आहे तेच योग्य आहे असं म्हणायला वाट मिळते.

घ्यायची असेल तर मोजण्याची शिस्त घ्या. उजेड वेगळा मोजा, वजन वेगळं मोजा. सरासरीबरोबर पसारा सांगा. यादीत कोण सुटलं ते शोधा, आणि सुटलेल्यांची भर कशी घातली ते उघड लिहा. दाव्यामागचं गृहीतक विचारा, मग दावा विरोधकाचा असो की आपल्या मंचावरच्या वक्त्याचा. आजच्या भाषणालाही तेच लावा.

आणि दुसरी गोष्ट, जास्त जवळची. हे ज्ञान दुसऱ्या कुणाचं आहे, असं समजू नका. जुलै २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी, जमशेदपूर आणि केरळातल्या सहकाऱ्यांबरोबर, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा ‘सरस्वती’ महागुच्छ जाहीर केला. त्यात निदान ४३ गुच्छ आहेत. तो त्यांना स्लोनच्या त्याच पाहणीत सापडला, जी तुम्ही-आम्ही घरी बसून उतरवून घेऊ शकतो. मुंबईत आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम सुरू केला. पदवीचे विद्यार्थी त्यातून जीएमआरटीच्या माहितीवर प्रत्यक्ष संशोधनात भाग घेतात. आणि आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. तिथे इंजिनिअर लागतील, प्रोग्रॅमर लागतील, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनही लागतील.

आपल्या मुलामुलींना दहावीनंतर विचारलं जातं, याचा उपयोग काय, नोकरी लागेल का? प्रश्न चुकीचा नाही, घर चालवायचं असतं. पण दीर्घिकांची यादी वाचायला जे लागतं तेच आज नोकरीला लागतं: पायथन, संख्याशास्त्र, मोठ्या डेटावर प्रश्न विचारणं, उत्तरावर शंका घेणं. आणि मुलींच्या आई-वडिलांना खास सांगतो, या कामाला रात्री दुर्बिणीजवळ जावंच लागतं असं नाही. हे बरचसं काम लॅपटॉपवर होतं. लॅपटॉप घरी नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये होतं.

म्हणून शेवटी एक काम देतो. पुढच्या बैठकीपर्यंत तिघा-चौघांनी मिळून स्लोनच्या संकेतस्थळावरून एका समूहाची माहिती काढायची. प्रत्येक दीर्घिकेचा उजेड, रंग आणि अंतर एका तक्त्यात मांडायचं. उजेडाप्रमाणे क्रम लावा, मग ताऱ्यांच्या वस्तुमानाप्रमाणे लावा, आणि कोणाचा नंबर वर गेला, कोणाचा खाली आला ते पाहा. ज्यांना कोड येत नाही त्यांना एक्सेल चालेल. तक्त्याच्या खाली एक ओळ मात्र प्रत्येकाने लिहायची: या यादीत कोण सुटलं असेल आणि का.

आता तुमचे प्रश्न घेऊ.